दाताच्या मुळाचे शोषण एक्स-रेवर कसे ओळखावे

मूळ विरघळू लागले तरी दात बहुतेक वेळा दुखत नाही, हलत नाही आणि वरून पाहिल्यास अगदी निरोगी दिसतो. रुग्ण वेगळ्याच दाढेच्या तक्रारीसाठी आलेला असतो, त्या दाढेची आयओपीए (तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढलेला, दात मुळासह दाखवणारा लहान एक्स-रे) काढली जाते आणि शेजारच्या दाताच्या मुळावर एक काळी सावली नजरेस पडते. ती सावली कीड आहे, मुळाचे शोषण आहे की हाडातल्या एखाद्या नैसर्गिक छिद्राची छाया आहे, हे त्याच वेळी नीट ठरले नाही तर दोन चुका संभवतात. एक म्हणजे वाचवता येण्यासारखा दात हातचा जातो, आणि दुसरी म्हणजे धडधाकट दाताची विनाकारण आरसीटी (रूट कॅनल उपचार) होते. नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले दंतवैद्य आणि इंटर्नशिप करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत मांडली आहे. मुलाच्या अपघातानंतर हातात एक्स-रेचे पाकीट घेऊन बसलेल्या पालकांनाही ती समजावी असा प्रयत्न केला आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरावी. मूळ तीन मितींचे असते आणि एक्स-रे दोन मितींचा. म्हणून एकाच एक्स-रेवर शोषणाचे निदान कधीही करू नये. कोन बदलून काढलेला दुसरा एक्स-रे आणि मिळाल्यास त्याच दाताचा जुना एक्स-रे, या दोहोंशिवाय दिलेले मत हा अंदाज असतो.

काय शोधायचे आहे, ते आधी ठरवावे

दुधाच्या दातांची मुळे विरघळणे ही निसर्गाची रीत आहे. खालून कायमचा दात वर येत असताना दुधाच्या दाताचे मूळ शोषले जाते आणि तो पडतो. कायमच्या दातात मात्र मुळावरील सिमेंटम या कठीण थराचे आणि त्यालगतच्या पेशींचे कवच मुळाला शोषणापासून जपत असते. मार लागल्याने, सततच्या दाबाने किंवा जंतुसंसर्गाने हे कवच दुखावले की हाड खाणाऱ्या पेशींच्या जातीच्याच पेशी मुळाच्या डेंटिनवर, म्हणजे सिमेंटमच्या आतल्या मुख्य थरावर, चाल करतात.

शोषण आतून होते किंवा बाहेरून. आतले शोषण रूट कॅनलच्या, म्हणजे मुळातल्या नळीच्या, भिंतीपासून सुरू होते आणि ते वाढत राहण्यासाठी त्या जागेपासून मुळाच्या टोकाकडचा पल्प (दाताच्या आतली रक्तवाहिन्या व नसांची मऊ ऊती) जिवंत असावा लागतो. बाहेरच्या शोषणाचे प्रकार अधिक आहेत. जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या दाहजन्य शोषणात मुळावर वाटीसारखे खड्डे पडतात आणि त्यांच्यासमोरचे हाडही काळे दिसते. प्रतिस्थापन शोषणात मुळाची जागा हळूहळू हाड घेते आणि दात जबड्याला जखडतो. त्यालाच अँकिलोसिस म्हणतात. दाबाने होणारे शोषण ब्रेसेसच्या उपचारात, अडकलेल्या सुळ्यामुळे किंवा गाठीमुळे होते आणि ते बहुधा मुळाच्या टोकाशी दिसते. हिरडीच्या कडेखालून दाताच्या मानेत शिरणारे ग्रीवा शोषण हा चौथा प्रकार, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळा चुकीचा वाचला जाणारा हाच. कीड समजून तो पोखरला जातो.

या क्षेत्रातील काही नावे जुनी आहेत. दातावर दिसणाऱ्या गुलाबी डागाला आजही ‘ममरीचा गुलाबी दात’ म्हणतात, कारण हॉवर्ड ममरी यांनी 1920 मध्ये त्याचे वर्णन केले. हा डाग म्हणजे आतल्या शोषणाचीच खूण असे अनेकांच्या मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात ग्रीवा शोषणातही तसाच गुलाबी डाग दिसतो, कारण दोन्हीकडे पातळ झालेल्या इनॅमलमधून खालची रक्तवाहिन्यांनी भरलेली ऊती झळकत असते. डाग दिसला म्हणून निदान झाले असे समजू नये, एक्स-रे काढावा.

पहिली पायरी: इतिहास आणि जुने एक्स-रे

खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला नेमके प्रश्न विचारावेत. लहानपणी किंवा अलीकडे तोंडावर पडला होतात का, दात निखळून पुन्हा बसवला होता का, ब्रेसेस लावल्या होत्या का आणि किती वर्षे, दात काळा पडला म्हणून आतून ब्लीचिंग केले होते का. ‘काही झाले नव्हते’ असे उत्तर आले तरी एकदा आईला विचारावे. पाचवीत असताना सायकलवरून पडल्याचे पस्तिशीच्या माणसाला आठवत नाही, आईला मात्र तारखेनिशी आठवते.

ग्रीवा शोषणाबद्दल ऑस्ट्रेलियाचे जेफ्री हीदरसे यांनी 1999 मध्ये 222 रुग्णांचे 257 दात तपासून मांडलेला अभ्यास अजूनही आधारभूत मानला जातो. त्यात सर्वाधिक आढळलेले पूर्वकारण ब्रेसेसचे उपचार हे होते. त्याखालोखाल इजा आणि आतून केलेले ब्लीचिंग यांचाही वाटा होता. यावरून ब्रेसेस लावल्या म्हणजे शोषण होणारच, असा अर्थ काढू नये. इतिहास विचारताना हा प्रश्न वगळू नये, इतकाच त्याचा अर्थ आहे.

जुने एक्स-रे मागायला संकोच करू नये. आपल्याकडे ते दागिन्यांच्या पावतीबरोबर किंवा कपड्याच्या दुकानाच्या पिशवीत जपलेले असतात. फिक्सर नीट धुतला न गेल्यामुळे फिल्म तपकिरी पडलेली असली तरी मुळाची बाह्यरेषा तिच्यावर बहुधा वाचता येते, आणि दहा वर्षांपूर्वी हे टोक गोल होते की टोकदार, या एका उत्तरावर आजचे निदान फिरू शकते.

दुसरी पायरी: एक्स-रे योग्य रीतीने काढणे

वाचनातल्या बहुतेक चुका काढतानाच झालेल्या असतात. रुग्णाला बोटाने फिल्म धरायला लावून बायसेक्टिंग पद्धतीने (दात आणि फिल्म यांच्यातला कोन दुभागून) घेतलेला एक्स-रे तातडीच्या वेळी चालतो, पण त्यात मूळ सहज आखूड किंवा लांब दिसते, म्हणून शोषणाच्या शंकेसाठी तो पुरेसा नाही. होल्डर वापरावा. सेन्सर दाताच्या लांब अक्षाला समांतर ठेवावा आणि किरण दोघांनाही काटकोनात पडावेत. टाळू उथळ असेल तर सेन्सर वाकडा बसतो. अशा वेळी चावण्याच्या ठोकळ्यावर कापसाची लहान गुंडाळी ठेवली की तो सरळ राहतो. खालच्या पटाशीच्या दातांसाठी लहान आकाराचा सेन्सर घ्यावा, कारण मोठा सेन्सर कोंबला की रुग्ण जीभ उचलतो आणि कोन बिघडतो.

चित्रात मुळाच्या टोकापलीकडचे किमान 2 ते 3 मि.मी. हाड आलेच पाहिजे. शेजारच्या दातांचे संपर्कबिंदू एकमेकांवर चढलेले नसावेत. दाढांच्या आणि उपदाढांच्या मानेजवळच्या शंकेसाठी बाइटविंग एक्स-रे (दात मिटून काढलेला, वरखालचे मुकुट आणि माना दाखवणारा) आवर्जून काढावा. तेथे किरण हाडाच्या कडेला जवळजवळ काटकोनात जातात, त्यामुळे मानेचा भाग आयओपीएपेक्षा प्रामाणिक दिसतो.

ओपीजीवर, म्हणजे तोंडाबाहेरून काढलेल्या मोठ्या एक्स-रेवर, संपूर्ण जबड्याचा आढावा चांगला मिळतो, पण पुढच्या दातांच्या मुळांवर मणक्याची छाया पडते आणि जबडा यंत्राच्या केंद्रपट्ट्यात नीट बसला नसेल तर मुळे आखूड व अस्पष्ट दिसतात. ओपीजीवर आखूड दिसलेल्या मुळाला शोषण म्हणण्याआधी त्या दाताची आयओपीए काढलीच पाहिजे.

किरणांची भीती रुग्णांच्या मनात असते, आणि तिचे उत्तर आकड्यांत देता येते. एका आयओपीएची मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट इतकीच असते. निसर्गातून माणसाला मिळणारे किरण जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतात. तरीही प्रत्येक एक्स-रेमागे कारण हवे. यंत्राची नोंदणी मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून झालेली असावी आणि त्याची गुणवत्ता चाचणी वेळेवर व्हावी. हे केवळ कागदोपत्री काम समजू नये. बिघडलेल्या यंत्राने एक्स-रे पुन्हापुन्हा काढावे लागतात, आणि त्याचा भार रुग्णाच्या शरीरावर पडतो.

तिसरी पायरी: चित्र वाचण्याचा क्रम

संगणकावर चित्र आले की प्रथम ते कोणताही फिल्टर न लावता पाहावे. आरव्हीजीच्या (डिजिटल एक्स-रेच्या) सॉफ्टवेअरमधील ‘शार्पन’ बटणाने कडा ठळक होतात खऱ्या, पण भरलेल्या पदार्थाच्या कडेला खोटी काळी रेषाही उमटते. खोलीतला दिवा मंद करावा, चित्र मोठे करावे, आणि मगच कॉन्ट्रास्ट हलवावा.

नजर सावलीकडे धावू देऊ नये. इनॅमल संपते तेथून सुरुवात करून मुळाच्या एका कडेने खाली उतरावे, टोकाला वळसा घालावा आणि दुसऱ्या कडेने वर यावे. त्यानंतर मुळाभोवतीची बारीक काळी रेषा, म्हणजे दात हाडाला बांधून ठेवणाऱ्या पेरिओडॉन्टल लिगामेंटची जागा पाहावी. ती निरोगी दातात 0.15 ते 0.38 मि.मी. इतकीच असते, म्हणून ती कोठे रुंदावली किंवा कोठे नाहीशी झाली हे लक्ष देऊनच कळते. तिच्या बाहेरची पांढरी रेषा, लॅमिना ड्युरा, सलग आहे का ते पाहावे. शेवटी रूट कॅनलच्या दोन भिंती शोधाव्यात.

या दोन भिंतींवरच सारे निदान उभे आहे. पेन्सिलीचे टोक पडद्यासमोर धरून कॅनलची एक भिंत वरून खाली अनुसरावी. सावलीपाशी पोहोचल्यावर ती रेषा सावलीत विरून जाते, फुगते आणि सावलीच्या खाली पुन्हा कॅनल म्हणून सुरू होते, की सावलीच्या आरपार जशीच्या तशी चालत राहते? पहिल्या स्थितीत शोषण आतले असण्याची शक्यता असते. तेथे सावली कॅनलशी एकजीव, कडा गुळगुळीत, आकार बहुधा दोन्ही बाजूंना सारखा फुगलेला असतो. बाटलीच्या मानेत फुगा अडकल्यासारखे ते दिसते. दुसऱ्या स्थितीत सावली मुळाच्या पुढच्या किंवा मागच्या पृष्ठभागावर असते आणि तिच्यातून कॅनल दिसत राहतो. तेव्हा शोषण बाहेरचे असते. त्याच्या कडा बहुधा खडबडीत आणि सावलीची घनता कमी-जास्त, ठिपकेदार असते.

ग्रीवा शोषणात एक वैशिष्ट्य फार उपयोगी पडते. पल्पभोवती डेंटिनचा एक पातळ थर शोषणाला शेवटपर्यंत दाद देत नाही, त्यामुळे काळ्या सावलीच्या मधून कॅनलच्या दोन बारीक पांढऱ्या रेषा रेल्वेच्या रुळांसारख्या जाताना दिसतात. दात मानेपाशी निम्मा पोखरला गेला तरी पल्प जिवंत का राहतो आणि थंड चाचणीला (गार वस्तू लावल्यावर) दात उत्तर का देतो, याचे कारण हाच थर आहे. शोषणासमोरचे हाडही बहुधा शाबूत असते.

दाहजन्य शोषणाचे चित्र याच्या उलट असते. मूळ जेथे खचलेले आहे, तेथेच लॅमिना ड्युरा तुटलेली असते आणि हाडात काळा डाग असतो. प्रतिस्थापन शोषणात काळी सावली शोधत बसू नये, ती नसतेच. लिगामेंटची काळी रेषा एका जागी पुसली जाते, मूळ वाळवी लागलेल्या लाकडासारखे कुरतडलेले दिसते आणि त्या जागी शेजारच्या हाडाचीच जाळी सुरू झालेली असते. असा दात आरशाच्या दांड्याने ठोकावा. शेजारच्या दाताच्या दबक्या आवाजापुढे त्याचा आवाज उंच, धातूवर ठोकल्यासारखा येतो. एक्स-रेवर शंका येण्याआधी अनेकदा हा आवाजच सावध करतो.

चौथी पायरी: कोन बदलून दुसरा एक्स-रे

पहिला एक्स-रे सरळ घेतल्यावर नळी आडव्या दिशेने सुमारे 20 अंश सरकवून दुसरा घ्यावा. सेन्सर आणि रुग्णाचे डोके होते तसेच ठेवावे, फक्त नळी हलवावी. ही युक्ती क्लार्क यांच्या नावाने 1910 च्या सुमारापासून वापरात आहे आणि तिच्याइतकी स्वस्त, भरवशाची युक्ती दंतवैद्यकात क्वचितच सापडते.

दुसऱ्या चित्रात सावली कॅनलच्या सोबतच राहिली तर शोषण आतले. ती कॅनलपासून बाजूला सरकली तर ते बाहेरचे. नळी ज्या दिशेला नेली त्याच दिशेला सावली सरकली तर ती टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूला आहे. उलट दिशेला सरकली तर ओठाच्या किंवा गालाच्या बाजूला आहे. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर कोठून जायचे हे येथेच ठरते.

एक प्रसंग सांगतो. चौतीस वर्षांच्या एका बाई वरच्या पुढच्या दातात ‘मानेजवळ कीड आहे, आरसीटी करून कॅप बसवावी’ असा सल्ला घेऊन आल्या होत्या. महाविद्यालयात असताना त्यांना ब्रेसेस लावलेल्या होत्या. पहिल्या आयओपीएत मानेपाशी काळी सावली होती, आणि वरवर पाहता ती कीडच वाटावी अशी होती. मात्र सावलीतून दोन पांढऱ्या रेषा सलग वर गेलेल्या दिसत होत्या. नळी उजवीकडे सरकवून घेतलेल्या दुसऱ्या चित्रात सावली उजवीकडे सरकली, म्हणजे ती टाळूकडे होती. हिरडीखाली प्रोब (तपासणीची बारीक सळई) घातला तर तो कीड लागलेल्या डेंटिनमध्ये जसा रुततो तसा रुतला नाही. कठीण पृष्ठभागावर खरवडल्यासारखा आवाज आला आणि लगेच रक्त आले. दाताने थंड चाचणीला नीट उत्तर दिले. कीड नव्हती, ग्रीवा शोषण होते, आणि पल्प जिवंत होता. थेट आरसीटी केली असती तर शोषणाची वाट तशीच उघडी राहिली असती.

पाचवी पायरी: फसवणाऱ्या छाया

खालच्या उपदाढांजवळचे मेंटल फोरॅमेन आणि वरच्या पुढच्या दातांमागचे इन्सायझिव्ह फोरॅमेन, ही दोन छिद्रे मुळाच्या टोकावर नेमकी बसली की भल्याभल्यांना फसवतात. कोन बदलला की छिद्राची छाया मुळावरून दूर जाते आणि मागे सलग लॅमिना ड्युरा उरते. दाताच्या मानेजवळ दोन्ही बाजूंना दिसणारी काळी पट्टी, जिला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात, हीसुद्धा प्रकाशचित्रणाचा परिणाम असते, रोग नसते. इनॅमल आणि हाड यांच्यामधला कमी घनतेचा भाग तेवढा उजळ होत नाही.

लहान मुलांत मोठा घोटाळा होतो तो अपूर्ण वाढलेल्या मुळाचा. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचे मूळ साधारण दहाव्या वर्षी आणि सुळ्याचे तेरा ते पंधराव्या वर्षी पूर्ण होते. त्याआधी टोक उघडे, नरसाळ्यासारखे रुंद आणि कडा गुळगुळीत असतात. शोषलेले टोक मात्र खरबरीत, तिरपे किंवा बोथट असते आणि कॅनल टोकाशी रुंदावण्याऐवजी मुळाबरोबर अचानक संपलेला दिसतो. शंका राहिलीच तर दुसऱ्या बाजूच्या त्याच दाताचा एक्स-रे काढून दोन्ही शेजारी ठेवावेत.

ओठाकडे वळलेले टोक चित्रात आखूड दिसते. ब्रेसेसच्या उपचारात मूळ मागे ढकलले गेले असेल तर लांबी तीच असूनही ते पूर्वीपेक्षा आखूड दिसते. म्हणून नुसत्या नजरेने तुलना करू नये, मोजावे.

ब्रेसेस लावलेल्या रुग्णाचे मोजमाप

येथे थोडे थांबावे लागेल, कारण हे मोजमाप सोपे असूनही फारच थोडे लोक करतात. दोन एक्स-रे वेगवेगळ्या दिवशी काढले की मोठेपणा थोडा बदलतोच. पण दाताचा मुकुट, म्हणजे मुळावरचा इनॅमलने झाकलेला भाग, उपचारात लहान-मोठा होत नाही, म्हणून तोच मापदंड म्हणून वापरावा. समजा, उपचारापूर्वीच्या चित्रात मुकुट 10 मि.मी. आणि मूळ 14 मि.मी. आहे. सहा महिन्यांनंतरच्या चित्रात मुकुट 10.5 मि.मी. आणि मूळ 13.2 मि.मी. दिसते. नुसती वजाबाकी केली तर 0.8 मि.मी. घट येते. परंतु दुसरे चित्र मोठे आलेले आहे, म्हणून 13.2 ला 10 ने गुणून 10.5 ने भागावे. मूळ 12.6 मि.मी. उरते, म्हणजे खरी घट 1.4 मि.मी. आहे. मुकुटाची लांबी दाताच्या कडेपासून इनॅमल-सिमेंटमच्या सीमेपर्यंत घ्यावी, आणि मधल्या काळात दाताची कड घासून समतल केली असेल तर हे गणित वापरू नये.

प्रमाण नोंदवण्यासाठी माल्मग्रेन यांची श्रेणी पुरेशी आहे. टोकाची बाह्यरेषा नुसती अनियमित झाली असेल तर पहिली श्रेणी. घट 2 मि.मी.पेक्षा कमी असेल तर दुसरी; 2 मि.मी.पासून मूळ लांबीच्या एक तृतीयांशापर्यंत तिसरी. आणि त्याहून अधिक असेल तर चौथी. उपचार सुरू करण्यापूर्वी पटाशीच्या दातांच्या आयओपीए आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच, एवढा नियम तरी पाळावा. सहा महिन्यांतच टोक बोथट झालेले दिसले तर पुढे जास्त घट होण्याचा धोका असतो. अशा वेळी दोन-तीन महिने सक्रिय बल थांबवून मग पुढे जावे. पालक ‘लवकर उरका’ म्हणत असतात, त्यांना दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी दाखवावीत. मग वेगळे पटवावे लागत नाही.

वरचा सुळा अडकलेला असेल तर शेजारच्या पटाशीच्या दाताकडे विशेष लक्ष द्यावे. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि कुरोल यांनी 107 मुलांच्या वाट चुकलेल्या 156 सुळ्यांचा सीटी स्कॅनने अभ्यास करून तो 2000 मध्ये प्रसिद्ध केला. त्या सुळ्यांलगतच्या 38 टक्के बाजूच्या आणि 9 टक्के मधल्या पटाशीच्या दातांत शोषण आढळले. साध्या एक्स-रेवर त्यातले बरेच दिसले नव्हते, कारण सुळ्याची छाया नेमकी शोषणावरच पडते.

सीबीसीटी केव्हा सांगावे

साध्या एक्स-रेची मर्यादा प्रयोगांनी दाखवलेली आहे. 1987 मध्ये आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी मुळांवर कृत्रिम खड्डे पाडून एक्स-रे काढले, तेव्हा सुमारे 0.6 मि.मी. व्यासाचे आणि 0.3 मि.मी. खोलीचे खड्डे दिसूच शकले नाहीत. म्हणजे एक्स-रेवर काहीच दिसले नाही, तर ‘शोषण नाही’ असे न लिहिता ‘या चित्रात शोषण आढळत नाही’ असे लिहिणे योग्य.

शोषण आतले की बाहेरचे हे दोन कोनांतूनही ठरत नसेल, ग्रीवा शोषणाचा विस्तार आणि शिरण्याची जागा कळायला हवी असेल, आतल्या शोषणाने मूळ आरपार भेदले आहे का अशी शंका असेल, किंवा अडकलेला सुळा मुळावर टेकलेला असेल, तर सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) सांगावे. स्कॅन फक्त एकदोन दातांपुरता, लहान क्षेत्राचा मागावा. त्यात किरण कमी लागतात आणि बारकावा जास्त मिळतो. चिठ्ठीवर दाताचा क्रमांक, शंका आणि ‘लहान क्षेत्र, अधिक बारकावा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर संपूर्ण जबड्याचा स्कॅन होऊन येतो.

स्कॅन पाहताना आडवा छेद दाताच्या अक्षाशी जुळवून घ्यावा आणि मानेपासून टोकापर्यंत एकेक छेद सरकवत जावा. ग्रीवा शोषणात तीन गोष्टी नोंदवाव्यात. ते किती उंचीपर्यंत गेले आहे, मुळाच्या परिघाचा किती भाग त्याने व्यापला आहे, आणि पल्पपर्यंत पोहोचले आहे का. शनोन पटेल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये मांडलेले त्रिमितीय वर्गीकरण याच तीन प्रश्नांवर आधारलेले आहे, आणि 90, 180 व 270 अंश या परिघाच्या पायऱ्या आडव्या छेदात सहज मोजता येतात.

कॅनलमध्ये गटापर्चा (आरसीटीत भरायचा पदार्थ) किंवा धातूचा पोस्ट (आधाराची कांडी) असेल तर स्कॅनमध्ये त्याच्या बाजूने काळे पट्टे उमटतात आणि ते शोषणासारखेच दिसतात. तसेच, लिगामेंटची जागा स्कॅनच्या बारकाव्याच्या अगदी सीमेवर असल्याने ती दिसली नाही म्हणून अँकिलोसिस झाला असे म्हणू नये. दात ठोकून आणि हलवून पाहिल्याशिवाय ते निदान करू नये.

निखळलेल्या दाताचा पाठपुरावा

मैदानावर दात निखळून पडला आणि तो पुन्हा बसवला, तर पुढचे एक्स-रे केव्हा काढायचे हे त्याच दिवशी लिहून द्यावे. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ पूर्ण वाढलेल्या दाताची तपासणी 2 आठवडे, 4 आठवडे, 3 महिने, 6 महिने आणि 1 वर्षाने, आणि त्यानंतर किमान पाच वर्षे दरवर्षी व्हावी. अशा दाताची आरसीटी दोन आठवड्यांच्या आत सुरू करावी, कारण मेलेल्या पल्पमधील जंतू आणि दुखावलेले सिमेंटम एकत्र आले की दाहजन्य शोषण काही आठवड्यांतच मूळ खाऊ लागते. मूळ अपूर्ण असलेल्या मुलात पल्प पुन्हा जिवंत होण्याची आशा असते, म्हणून तेथे आरसीटीची घाई न करता तपासण्या अधिक जवळ ठेवाव्यात.

प्रत्येक वेळी तोच होल्डर आणि तोच कोन वापरावा. केसपेपरवर तारीख, कोन, दिसलेल्या गोष्टी आणि दात ठोकल्यावर आलेला आवाज, हे चार शब्दांत लिहावे. वाढत्या वयाच्या मुलाचा जखडलेला दात शेजारच्या दातांबरोबर खाली येत नाही. म्हणून दरवेळी दोन दातांच्या कडांमधले अंतरही मि.मी. मध्ये मोजावे आणि शक्य तर फोटो काढावा. कबड्डी खेळताना दात निखळलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलाच्या पहिल्या तीन एक्स-रेंवर काहीच नव्हते, आणि आई-वडिलांनी पुढची भेट टाळण्याची परवानगी मागितली होती. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेवर मुळाच्या डाव्या कडेची काळी रेषा जेमतेम 3 मि.मी. लांबीत पुसली गेलेली होती, आणि ठोकल्यावर आवाज बदलला होता. त्या दिवसापासून त्याच्या केसपेपरवर दर भेटीला कडांमधले अंतर लिहिले जाते. हे अंतर किती वाढले, यावरून पुढचा उपचार कोणत्या वयात करायचा हे त्याच्या ऑर्थोडॉन्टिस्टसोबत (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञासोबत) बसून ठरवता येते.